थरथर मोजली, घोट कोण मोजणार?

काही काळापूर्वी मोहालीच्या नॅनो विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेतून आलेली एक बातमी विज्ञानप्रेमींच्या वर्तुळात बरीच फिरली. पार्किन्सनच्या रुग्णाच्या शरीरातील लेव्होडोपा या औषधाचे प्रमाण मोबाइलच्या साहाय्याने मोजता येईल, असा कमी खर्चाचा संवेदक तेथील संशोधकांनी विकसित केला. काम निःसंशय उपयोगी आहे. औषधाची मात्रा कमी पडली की शरीर ताठरते, जास्त झाली की अनैच्छिक हालचाली सुरू होतात, आणि या दोहोंमधली वाट आजार वाढेल तशी अरुंद होत जाते. ती वाट दाखवणारे कोणतेही साधन स्वागतार्हच.

पण त्या बातमीत, आणि पार्किन्सनवरच्या आपल्या बहुतेक बातम्यांत, एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते: तोंडात टाकलेली गोळी पोटात जाते. लेव्होडोपा शोषले जाते ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात. तिथवर पोहोचण्यासाठी गोळीला आधी घसा ओलांडावा लागतो. पार्किन्सनच्या कित्येक रुग्णांत ती जिभेच्या मुळाशी असलेल्या खोबणीत रेंगाळते, तिथेच भिजून फुटते, आणि रुग्णाला त्याचा पत्ता नसतो. आज औषध लागू का पडले नाही, याचे उत्तर कधी कधी मेंदूत नसून जिभेमागे दोन बोटांच्या अंतरावर असते.

मी भौतिकशास्त्रात संशोधन करते. वैद्यक हा माझा विषय नव्हे. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, कारण यातला एक मोठा भाग मापनाचा आहे आणि दुसरा मोठा भाग द्रवाच्या प्रवाहाचा. हे दोन्ही आमच्या घरचे विषय आहेत, आणि दोन्हींकडे आम्ही पाठ फिरवली आहे, असे माझे मत आहे.

प्रथम मापनाविषयी. पार्किन्सनमधील विश्रांतीच्या वेळची थरथर सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होते. हा संकेत इतका स्वच्छ असतो की खिशातल्या मोबाइलमधला त्वरणमापकही तो सहज टिपतो. त्यामुळे अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रकल्पांपासून नावाजलेल्या प्रयोगशाळांपर्यंत सगळीकडे थरथर मोजली जाते. मनगटावरचे पट्टे, हातमोजे, आलेख, आणि आता त्यावर यंत्रशिक्षण. थरथर त्रासदायक असते, अपमानास्पदही वाटते. पण तिने कोणी मरत नाही. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मृत्यूच्या कारणांत न्यूमोनिया अग्रभागी आहे, आणि त्यातला बराचसा अन्न, पाणी किंवा लाळ श्वासमार्गात उतरल्यामुळे होणारा आहे. आपण जे मोजतो ते मोजायला सोपे म्हणून मोजतो, आणि मग हळूहळू तेच महत्त्वाचे आहे असे मानू लागतो.

डॉक्टरांच्या अधिकृत मोजपट्टीतही हा कल दिसतो. पार्किन्सनची तीव्रता ठरवण्यासाठी जगभर वापरली जाणारी, २००८ साली सुधारलेली श्रेणी चार भागांची आहे. तिच्या दुसऱ्या भागात रुग्णाने स्वतः द्यायच्या उत्तरांमध्ये चघळणे आणि गिळणे यांविषयी एक प्रश्न आहे, लाळेविषयी एक आहे. तिसऱ्या भागात डॉक्टर स्वतः तपासतात: बोलणे, चेहरा, ताठरपणा, बोटांची चिमूट, पायाची टापटाप, खुर्चीतून उठणे, चालणे, थरथर. या तपासणीत पाण्याचा एक घोटही नाही. गिळण्याचा सारा हिशेब रुग्णाच्या सांगण्यावर सोडलेला आहे.

आणि रुग्णाचे सांगणे इथे विश्वासार्ह नाही. त्यात त्याचा दोष काहीच नाही. २०१२ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून दाखवले, की ‘गिळायला त्रास होतो का?’ असे विचारल्यावर पार्किन्सनचे सुमारे ३५ टक्के रुग्ण ‘हो’ म्हणतात. प्रत्यक्ष चाचणी केली तर सुमारे ८२ टक्क्यांत बिघाड आढळतो. कोणत्याही प्रयोगशाळेत एखादे उपकरण अर्ध्याहून अधिक घटना चुकवत असेल तर आम्ही ते बाजूला ठेवू. इथे तेच उपकरण, म्हणजे एक प्रश्न, आजही मुख्य साधन आहे.

रुग्णाला कळत का नाही, हे समजण्यासाठी एका घोटाचा प्रवास पाहायला हवा. वाचता वाचता कंठमण्यावर बोट ठेवून एकदा आवंढा गिळून पाहा. कंठमणी झपकन वर उचलला जातो, क्षणभर थांबतो आणि खाली येतो. शाळेत आपण शिकलो की श्वासनलिकेवर एक झाकण असते आणि गिळताना ते बंद होते. ते चित्र फार भाबडे आहे. प्रत्यक्षात संपूर्ण स्वरयंत्र वर आणि पुढे सरकून जिभेच्या मुळाखाली आश्रय घेते, स्वरतंतू एकमेकांना भिडतात, वरचे झाकण मागे कलते, श्वास थांबतो, आणि त्याच ओढीने अन्ननलिकेचे एरवी आवळलेले तोंड उघडते. यात तीसच्या आसपास स्नायू आणि मेंदूतून थेट निघणाऱ्या पाच चेतांच्या जोड्या गुंतलेल्या असतात, आणि घशातला सारा खेळ एका सेकंदाच्या आत आटोपतो. दिवसातून पाचशे-सहाशे वेळा, झोपेतही, आपण हे करतो. निरोगी माणसात या क्रियेची श्वासाशीही जुळणी असते: बहुधा श्वास सोडता सोडता आपण गिळतो आणि गिळून झाल्यावर पुन्हा श्वासच सोडतो. चुकून काही राहिले असेल तर ते बाहेर ढकलले जावे, अशी ही व्यवस्था. पार्किन्सनमध्ये गिळल्यानंतर लगेच श्वास आत घेण्याचे प्रमाण वाढलेले आढळते. म्हणजे दार उघडे, आणि वारा आतल्या दिशेने.

तोंडातही घोटाळा होतो. जीभ घास मागे ढकलण्याऐवजी पुढे-मागे, पुढे-मागे हलत राहते. पार्किन्सनमध्ये पाऊल उचलताना जशी तुरुतुरु अडखळण होते, तशीच ही जिभेची. त्यात पातळ पदार्थ असेल तर त्यातला थोडा भाग गिळण्याची क्रिया सुरू होण्याआधीच घशात निसटतो.

इथे भौतिकशास्त्राचा एक साधा हिशेब करून पाहू. जिभेच्या मागच्या कडेपासून स्वरयंत्राच्या दारापर्यंतचे अंतर मुद्दाम सढळ हाताने १० सेंटिमीटर धरा. मुक्त पतनात हे अंतर कापायला ०.१४ सेकंद लागतात. पाणी घशात मोकळे पडत नाही, भिंतींवरून ओघळते, हे मान्य. पण दोन मिलिमीटर जाडीच्या पाण्याच्या थराला श्यानता जवळपास अडवतच नाही. त्याचा वेग गुरुत्व आणि जडत्वच ठरवतात. म्हणजे स्वरयंत्र वर उचलले जायला अर्धा सेकंद जरी उशीर झाला, तरी पाणी दारात आधी हजर असते. आता द्रवाची श्यानता पाण्याच्या ३०० पट करा. त्याच जाडीचा थर आता सेकंदाला चार सेंटिमीटरच्या आसपास सरकेल आणि तेवढ्याच अंतराला दोन सेकंदांहून अधिक वेळ घेईल. हा हिशेब ढोबळ आहे, घसा ही काही सपाट उतरती पाटी नव्हे. तरी पाणी हा गिळायला सर्वांत सोपा पदार्थ, ही आपली समजूत या आजारात उलटी का ठरते ते यातून दिसते. भाकरीच्या तुकड्याने घुसमटण्याची भीती सर्वांना असते. साध्या पाण्याकडे कोणी संशयाने पाहत नाही.

पाणी श्वासमार्गात शिरले तर ठसका लागेल आणि कळेल, हा पुढचा भरवसा. तोही पुरा नाही. पार्किन्सनमध्ये घशाची संवेदनाच बोथट होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मृत रुग्णांच्या घशातील चेता तपासल्या गेल्या. पार्किन्सनमध्ये मेंदूतील पेशींत साचणारे अल्फा-सायन्युक्लिन हे प्रथिन त्या घशातल्या चेतांमध्येही सापडले, आणि ज्यांना गिळण्याचा त्रास होता त्यांच्यात ते अधिक होते. संवेदना नेणारी तारच खराब असेल तर धोक्याची घंटा वाजायची कशी? पाणी स्वरतंतूंच्या खाली उतरते आणि माणूस शांतपणे पुढचा घोट घेतो. वैद्यकात याला ‘मूक’ प्रकार म्हणतात. जेवताना ठसका लागत नाही म्हणून घरचे निश्चिंत असतात, आणि अधूनमधून येणारा ताप ‘हवा बदलली’ या खात्यावर जमा होतो.

लाळेचेही असेच. रुग्णाच्या तोंडातून लाळ गळते, तेव्हा लाळ जास्त सुटते असा समज होतो. लाळेची निर्मिती वाढलेली नसते; कित्येक अभ्यासांत ती उलट कमीच आढळली आहे. माणूस आपसूक गिळायचा ते गिळणे विरळ झालेले असते. ओलावलेला सदरा हा न गिळलेल्या घोटांचा हिशेब असतो, आणि तो घरातल्या कोणालाही वाचता येतो. जेवणानंतर घोगरा, पाण्यात बुडबुडे यावेत तसा आवाज, पूर्वी वीस मिनिटांत आटोपणारे जेवण तासभर चालणे, भाकरी, चिवडा, शेंगदाणे आपोआप ताटातून गळत जाणे, वजन उतरणे. ही लक्षणे सावकाश येतात. माणूस स्वतःच्या नकळत जुळवून घेतो आणि घरचे म्हणतात, वयामुळे भूक कमी झाली.

या साऱ्यात नवे काही नाही, ही गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करते. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली ‘कंपयुक्त पक्षाघाता’वर लिहिलेल्या निबंधात अन्न गिळण्यातील अडचण आणि ओघळणारी लाळ यांची नोंद आहे. फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ मध्ये, पुढे ज्यांना त्यांचे नाव मिळाले ते पेशींतील गोळे, पाहिले. ते त्यांना दिसले ती एक जागा होती मस्तिष्कस्तंभातील व्हेगस चेतेचे केंद्र, म्हणजे घशापासून आतड्यांपर्यंतच्या कारभाराशी जोडलेला भाग. डोपामिनच्या पेशींचे घर असलेल्या सबस्टॅन्शिया नायग्रामध्ये तेच गोळे दाखवले गेले त्यानंतर, १९१९ मध्ये. २००३ साली हायको ब्राक आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या टप्प्यांच्या कल्पनेतही अनेक रुग्णांत विकृतीची सुरुवात याच खालच्या केंद्रातून आणि गंधाच्या भागातून होते असे म्हटले आहे. ही कल्पना सर्वांना लागू पडत नाही, तिच्यावर वाद आहेत. तरीही डोपामिन हा पार्किन्सनचा एक अध्याय आहे, संपूर्ण ग्रंथ नव्हे, हे शतकभरापूर्वीच दिसू लागले होते.

म्हणूनच डोपामिन वाढवल्याने हात सुधारतो तसा घसा सुधारेलच असे नाही. लेव्होडोपाने काही रुग्णांचे गिळणे सुधारते, काहींचे नाही. अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. औषधाचा अंमल चांगला असताना जेवावे, हा सल्ला शहाणपणाचाच आहे. पण ‘गोळ्या चालू आहेत ना, मग गिळणेही ठीक होईल’ या आशेला पुराव्याचा आधार तोकडा आहे.

जाता जाता खाजकुयलीबद्दल. भारतीय विज्ञानवार्तांत पार्किन्सनचा विषय निघाला की कवचबीज आणि आयुर्वेदातील कंपवात यांचा उल्लेख ओघाने येतो. तो गैर नाही. दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये खाजकुयलीच्या बियांतून लेव्होडोपा वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले होते, आणि औषध म्हणून त्याचा मानवी वापर व्हिएन्नात सुरू व्हायला १९६१ साल उजाडावे लागले. अभिमान बाळगायला हरकत नाही. मात्र ज्याचा घसा दुबळा आहे त्याने कोरडे चूर्ण तोंडात टाकून वरून पाण्याचा घोट घेणे म्हणजे भुकटी आणि पातळ द्रव या दोन सर्वांत अवघड गोष्टी एकाच वेळी घशात सोडणे होय. याविषयी त्या लेखांत चकार शब्द नसतो.

आपल्याकडची आणखी एक सवय इथे सांगायला हवी, कारण परदेशी पुस्तिकांत ती सापडणार नाही. भांडे ओठाला न लावता वरून पाण्याची धार तोंडात सोडणे ही देशाच्या मोठ्या भागात शिष्टाचाराची खूण आहे. त्यासाठी मान मागे टाकावी लागते. मान मागे गेली की श्वासमार्गाचे दार अधिक उघडे पडते, आणि धार जिभेच्या ताब्यात न राहता थेट मागे जाते. निरोगी माणूस हे सहज निभावतो. पार्किन्सनच्या रुग्णासाठी याहून वाईट पद्धत शोधूनही सापडायची नाही. गोळी घेताना मान झटकन मागे टाकण्याची सवयही तशीच. उष्ट्याचा संकोच बाजूला ठेवून रुग्णाला स्वतःचा वेगळा, रुंद तोंडाचा पेला देणे आणि हनुवटी किंचित खाली ठेवून लहान घोट घ्यायला सांगणे, याला काही खर्च येत नाही. दुधात भिजवलेले पोहे, पातळ रश्शातले फरसाण, गरगटा न केलेले सांबार-इडली असे पातळ आणि घट्ट यांचे मिश्रणही फसवे असते. घट्ट भाग चघळेपर्यंत पातळ भाग पुढे निघून जातो.

मग सरळ सगळे दाट करून द्यावे काय? वर केलेला माझाच हिशेब वाचून कोणी तसा निष्कर्ष काढेल, म्हणून पुढची गोष्ट थोडी सविस्तर सांगते. पाश्चात्त्य देशांत अनेक वर्षे हेच केले गेले. अमेरिकेत याची कसून परीक्षा झाली आणि तिचे निष्कर्ष २००८ साली आले. पार्किन्सन, स्मृतिभ्रंश किंवा दोन्ही असलेले आणि पातळ द्रव श्वासमार्गात जात असल्याचे क्ष-किरण चाचणीत दिसलेले ७११ रुग्ण घेतले. हनुवटी खाली घेऊन पाणी पिणे, मध्यम दाट द्रव आणि मधासारखा दाट द्रव यांची तुलना केली. त्या क्षणी पडद्यावर जे दिसते त्यात मधासारखा दाट द्रव जिंकला, माझ्या ढोबळ हिशेबाला शोभेल असाच. मग ५१५ जणांचा तीन महिने पाठपुरावा केला. न्यूमोनिया हनुवटी खाली घेणाऱ्यांत ९.८ टक्के, दाट द्रव पिणाऱ्यांत ११.६ टक्के, फरक ठामपणे सांगण्याजोगा नाही. शरीरातील पाणी कमी होण्याचे प्रमाण मात्र दाट द्रवाच्या गटात ६ टक्के आणि दुसऱ्या गटात २ टक्के. काहीच न बदलता पाणी पिणारा तिसरा गट या परीक्षेत नव्हता, त्यामुळे दोन्हींपैकी एकाने तरी न्यूमोनिया टळतो का, हे त्यातून कळत नाही.

पडद्यावर जिंकलेला द्रव आयुष्यात का जिंकला नाही, याचे उत्तरही प्रवाहातच आहे. दाट द्रव हळू जातो, आणि त्याला ढकलायला जोरही जास्त लागतो. जीभ दुबळी असेल तर तो घशाच्या कोनाड्यांत मागे उरतो आणि गिळणे संपल्यावर, दार उघडले की, आत ओघळतो. शिवाय चिकट पाणी पिण्यात कोणाला आनंद वाटणार? माणूस कमी पितो. म्हणून पदार्थ किती दाट करायचा, की करायचाच नाही, हे त्या त्या रुग्णाचे गिळणे प्रत्यक्ष पाहून ठरवावे लागते: बेरियम मिसळलेला घास देऊन क्ष-किरणांच्या चित्रफितीत, किंवा १९८८ पासून वापरात असलेल्या, नाकातून बारीक दुर्बीण घालण्याच्या पद्धतीने. घरच्या घरी अंदाजाने पीठ मिसळण्याचा हा विषय नाही. साधे स्टार्च लाळेतील अमायलेजमुळे तोंडातच पातळ होऊ लागते, झॅन्थन डिंकाचे तसे होत नाही. वाटीतला दाटपणा आणि घशातला दाटपणा या वेगळ्या गोष्टी आहेत.

ज्याने खरोखर काही बदलते असे दिसले आहे, ते उपाय बातमीत शोभत नाहीत. फ्लोरिडात झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पार्किन्सनच्या ६० रुग्णांना एक नळी दिली. तिच्यात स्प्रिंगची झडप. ठरावीक दाबाने फुंकले तरच ती उघडते. दाब रुग्णाच्या कमाल फुंकरीच्या ७५ टक्क्यांवर लावला. दिवसाला २० मिनिटे, आठवड्याला पाच दिवस, चार आठवडे. निम्म्यांच्या नळीतली स्प्रिंग काढून घेतली होती, आणि ते त्यांना ठाऊक नव्हते. स्प्रिंग असलेल्या गटात गिळताना श्वासमार्गाचे रक्षण सुधारले. एक स्प्रिंग, एक झडप. बारावीच्या विद्यार्थ्याला समजेल असे यंत्र. दुसरा उपाय याहून साधा. जपानमधील वृद्धाश्रमांत १९९०च्या दशकात दोन वर्षे चाललेल्या अभ्यासात रहिवाशांचे तोंड आणि दात नियमित स्वच्छ केल्यावर न्यूमोनियाचे प्रमाण ११ टक्के राहिले. नेहमीची व्यवस्था असलेल्या गटात ते १९ टक्के होते. ते सगळे पार्किन्सनचे रुग्ण नव्हते. पण तर्क सरळ आहे: लाळ आत जाणारच असेल, तर तिच्यातले जिवाणू तरी कमी असावेत. रात्री झोपण्यापूर्वी आजोबांचे दात कोणीतरी घासून देणे, यावर प्रसिद्धिपत्रक कोण काढणार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात पार्किन्सनचे ८५ लाखांहून अधिक रुग्ण होते, आणि लोकसंख्या म्हातारी होत जाईल तसा हा आकडा वाढणार आहे. भारत त्याला अपवाद नाही. आपल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने पार्किन्सनला दिव्यांगत्वाच्या यादीत नावानिशी स्थान दिले. कायदा आहे, गिळणे तपासणारा माणूस कुठे आहे? वाचा आणि श्रवण यांचे शिक्षण घेतलेले तज्ज्ञ हे काम करतात, पण आपल्याकडे त्यांची ओळख ऐकू न येणारी मुले आणि तोतरेपणा यांपुरती आहे. कंपवाताच्या रुग्णाने त्यांच्याकडे जायचे असते, हे रुग्णाला ठाऊक नसते आणि बऱ्याचदा त्याला कोणी सांगतही नाही.

माझी तक्रार डॉक्टरांपेक्षा आम्हा मोजणाऱ्यांविषयी अधिक आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे कोष्टक नव्याने प्रसिद्ध केले. ५२८ खाद्यपदार्थ, प्रथिने, लोह, जीवनसत्त्वे, मेदाम्ले, सगळे बारकाईने मोजलेले. अशा कोष्टकांत ‘किती वेगाने वाहतो’ हा रकाना नसतो. परदेशी चिकित्सेत सांगितलेला ‘अमुक पातळीचा द्रव’ म्हणजे आपल्या घरातले काय? भाताची पेज, नाचणीची आंबील, केरळची कांजी, पंजाबची लस्सी, बिहारचे सातूचे सरबत, वरण? या प्रश्नाचे घरोघरी वापरता येईल असे उत्तर आपल्या हाताशी असायला हवे. म्हैसूरमध्ये अन्नतंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था आहे आणि त्याच शहरात वाचा-श्रवणाची अखिल भारतीय संस्थाही आहे. असा रकाना भरायला याहून सोयीची जागा कोणती?

आणि तोवर थांबायचेही कारण नाही. २००२ साली अमेरिकेने दाटपणाचे वर्ग श्यानतेच्या आकड्यांनी ठरवले होते: ५१ ते ३५० मिलिपास्कल-सेकंद एक वर्ग, ३५१ ते १७५० पुढचा. आकडे भारदस्त, पण घरात श्यानतामापक कोणाकडे असतो? शिवाय असे द्रव जितके जोरात ढवळाल तितके पातळ होतात, त्यामुळे एका विशिष्ट वेगाला मोजलेला एक आकडा पुरत नाही. नंतर आलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने तो आकडा सोडून दिला आणि १० मिलिलिटरची सुईविना सिरिंज हाती घेतली. मला हा बदल मनापासून आवडतो. दट्ट्या काढायचा, टोकावर बोट धरून १० मिलिलिटर भरायचे, बोट काढून १० सेकंद वाहू द्यायचे, पुन्हा बोट धरायचे आणि किती उरले ते वाचायचे. १ मिलिलिटरहून कमी उरले तर द्रव पाण्यासारखा पातळ, पातळी शून्य. १ ते ४ उरले तर पहिली. ४ ते ८ दुसरी. ८ हून अधिक उरले पण थोडे तरी वाहिले तर तिसरी. काहीच वाहिले नाही तर सिरिंज बाजूला ठेवून चमच्याची आणि काट्याची चाचणी.

ज्या विद्यार्थ्यांनी इथवर वाचले त्यांच्यासाठी हा प्रकल्प मोकळा आहे. प्रयोगशाळा लागत नाही. सिरिंज कोणतीही चालत नाही, एवढे लक्षात ठेवा: शून्यापासून १० च्या खुणेपर्यंतची लांबी ६१.५ मिलिमीटर असावी लागते, तेव्हा वापरण्यापूर्वी पट्टीने मोजून घ्या. प्रत्येक पदार्थ किमान तीनदा मोजा. पीठ किती, पाणी किती, किती वेळ शिजवले ते लिहा. तापमानाचा रकाना विसरू नका, कारण आंबील चुलीवरून उतरल्यावर एका पातळीवर असेल आणि अर्ध्या तासाने दुसऱ्या. चमचाभर लाळ मिसळून पाच मिनिटांनी पुन्हा मोजलेत तर फार उत्तम. हे आकडे उपचार ठरवण्यासाठी नाहीत, ते काम तज्ज्ञाचे. पण तज्ज्ञाने ‘दुसरी पातळी’ म्हटल्यावर स्वयंपाकघरात काय करायचे, याचे उत्तर त्यांतून मिळू शकेल. सुरुवात ताकापासून करा. ते प्रत्येक घरी वेगळे असते.